एकच मंडळी, तीन भाषा: उपासना एकत्र की वेगळी? (सोलापूर)

कोपऱ्यातला_बाक (धागाकर्ता)

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) सध्या एका विषयावरून चांगलंच तापलंय, म्हणून इथे विचारतोय. मंडळी सोलापुरातली. नाव देत नाही. ओळखणारे ओळखतील, पण ओळखलं तरी इथे लिहू नका ही विनंती.

थोडी पार्श्वभूमी. आमच्याकडे जुनी मराठी घराणी आहेत, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनची. पूर्व भागातली तेलुगू कुटुंबं आहेत. त्यांचे आजे-पणजे मागावर काम करायला आले आणि इथलेच झाले. अक्कलकोट बाजूची कानडी घरं आहेत. शिवाय रेल्वेत बदली होऊन येणारे तमिळ, मल्याळी लोक. उपासना मराठीत होते. तेलुगू गाणं कधीमधी, 'विशेष गीत' म्हणून.

आता तेलुगू सभासदांनी कमिटीकडे अर्ज दिलाय. रविवारी सकाळी साडेसातला याच इमारतीत तेलुगू उपासना हवी. साडेनऊची मराठी आहे तशी चालू राहील. कमिटीत सरळ दोन तट पडलेत.

माझं मत स्पष्ट आहे. आज वेळ वेगळी, उद्या दानाची थैली वेगळी, परवा पाळक वेगळा. नाताळात ऐक्यावर भाषणं ठोकायची आणि रविवारी एकमेकांची तोंडंही बघायची नाहीत, हे काही पटत नाही. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे. तुमच्याकडे असं काही झालं असेल तर सांगा. निव्वळ वचनं नकोत, ती आम्हालाही पाठ आहेत.

---

शेंगाचटणी

म्हणजे बायबलातला तो भाषा फुटलेला बाबेलचा बुरूज सोलापुरात बांधूलालाव म्हणा की.

---

नगरकर_आता_पुण्यात

बसतो इथे. हा धागा शंभरी गाठणार.

---

माग_आणि_मी

धागाकर्ते, सलाम. आणि आमच्या पद्धतीने वंदनालु.

मी त्याच पूर्व भागातला. तुमच्याच मंडळीचा असेन किंवा नसेन, तुम्हीच म्हणालात लिहू नका. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं, माझी मुलं मराठी बोलतात, मला साडेनऊच्या उपासनेत काहीच अडचण नाही. अडचण माझ्या आईची आहे. तिचा सगळा जन्म विड्या वळण्यात गेला. तिला बाजारापुरतं मराठी येतं. भाव करता येतो, भांडता येतं, दवाखान्यात दुखणं सांगता येतं. पण अर्धा-पाऊण तासाचा उपदेश? ती पांढरी साडी नेसून वेळेच्या आधी येते, शेवटून तिसऱ्या रांगेत बसते, सगळे उठले की उठते, सगळे बसले की बसते. घरी आल्यावर मी विचारतो, आज कशावर होता उपदेश? म्हणते, पाळकसाहेबांचा आवाज बसला होता, त्यांना काढा द्यायला पाहिजे.

तुम्ही लिहिलंत 'विशेष गीत'. दोन पिढ्या आम्ही विशेषच आहोत. आपल्या घरात कोणी विशेष नसतं, विशेष पाहुणा असतो.

आणि एक साधा प्रश्न. तुमच्या कमिटीत तेलुगू किती आहेत? पोस्टमध्ये सगळं आलं, तेवढंच राहिलं.

---

कोपऱ्यातला_बाक

@माग_आणि_मी, एक. कानडी कोणी नाही. पण निवडणूक होते हो, उभं राहायला कोणी अडवलेलं नाही.

---

माग_आणि_मी

अडवत नाही कोणीच. उमेदवारीचा फॉर्म मराठीत असतो, सभा मराठीत चालते, आणि मतं आडनावं बघून पडतात. बाकी काही अडचण नाही.

---

वाचक_फक्त

धागाकर्त्यांनी वचनं नकोत म्हटलंय, पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो हुबेहूब याच विषयावरचा आहे. बायबलातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय ६.

यरुशलेमची पहिली मंडळी. रोज गरिबांना अन्न वाटलं जायचं. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी कुरकुर केली की इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळतं, आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. धर्म एक, प्रभू एक, भांडण भाषेवरून आणि जेवणावरून. येशूच्या पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी सगळ्या भाषांत सुवार्ता ऐकू आली तो अध्याय २. म्हणजे चार अध्यायांत आपण आपल्या मूळपदावर!

प्रेषितांनी काय केलं नाही ते आधी बघा. 'तुम्ही फूट पाडताय' असं म्हटलं नाही. दोन पंगतीही केल्या नाहीत. त्यांनी सात जण निवडायला सांगितले आणि वाटपाचं काम त्यांच्या ताब्यात दिलं. त्या सातांची नावं वाचा. स्तेफन, फिलिप्प, नीकलाव… सातही नावं ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात भांडार दिलं, आणि ते भांडार फक्त त्यांच्या विधवांचं नव्हतं, सगळ्यांचं होतं.

मला वाटतं साडेसात की साडेनऊ हा प्रश्न नंतरचा. भांडाराची किल्ली कोणाकडे, हा आधीचा.

---

दोन_पैसे

@वाचक_फक्त, छान लिहिलंय, पण नावावरून माणूस ठरवू नका. बारा प्रेषितांतही अंद्रिया आणि फिलिप्प ही ग्रीक नावं आहेतच, आणि ते अस्सल गालीलचे. त्या काळी यहुदी घरांत ग्रीक नावं सर्रास ठेवत. आमच्याकडे नाही का, आजोबा सॅम्युएल आणि नातू रोहन.

---

वाचक_फक्त

मान्य, एखाद-दुसरं नाव असतं तर मीही सोडून दिलं असतं. पण सातच्या सात? आणि नीकलाव तर अंत्युखियाचा, जन्माने यहुदीही नव्हे, असं तिथेच लिहिलंय. हा योगायोग मानायला माझं मन तयार नाही. तुमचं असेल तर राहू द्या.

---

गड्डा_फॅन

मी ख्रिश्चन नाही, पण सोलापूरचा आहे म्हणून डोकावलो. चालेल ना? संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. कुठला कोणी धरायचा, पुढे कोण, मागे कोण, याचे मान ठरलेले. वेगवेगळ्या समाजांचे लोक, पण काठी तोलताना सगळ्यांचे खांदे एका तालात लागतात, नाहीतर काठी खाली. तुमच्याकडे असं मान वाटून देता येत नाही का?

आणि एक बाळबोध प्रश्न. तुमच्यात पंथ किती आणि ते एक का होत नाहीत?

---

जुनी_दप्तरं

@गड्डा_फॅन, चालेल काय, या की. नंदीध्वजाचं आवडलं. आमच्याकडे फक्त काठी धरायला सगळे पुढे, तोलायला कोणी नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांब आहे. भारतात चर्चा एक होण्याचे मोठे प्रयत्न झालेत. दक्षिणेत १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया झालं. उत्तरेत बोलणी १९२९ पासून सुरू होती, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया प्रत्यक्षात आलं २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपुरात. सहा परंपरा एकत्र आल्या: अँग्लिकन, मेथडिस्टांचा एक भाग, बॅप्टिस्ट, ब्रेदरेन, डिसायपल्स आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया. हे शेवटचं स्वतःच १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून झालं होतं. आपलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे त्या वाटेने आलेलं.

या मंडळींत बिशप मानणारे होते आणि 'आमचा कारभार आम्हीच बघू' म्हणणारेही होते. सगळ्यात अवघड मुद्दा बाप्तिस्म्याचा. काही जण तान्ह्या बाळाला देणारे, काही जण म्हणणारे की कळत्या वयात विश्वास कबूल केल्यावरच. यावर शतकानुशतकं भांडणं झालेली. तोडगा काय काढला? दोन्ही पद्धती ठेवल्या. ज्या घराला जी मान्य ती त्यांनी पाळायची, आणि दोघांनी एकाच मेजावर प्रभूभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घ्यायचं.

म्हणून धागाकर्त्यांना विचारतो. बाप्तिस्म्यासारख्या गोष्टीत दोन रीती ठेवून जर एक चर्च होऊ शकतं, तर सकाळी साडेसातच्या तेलुगू उपासनेने ते कसं काय मोडेल?

---

नगरकर_आता_पुण्यात

कागदावर सगळे एक झाले हो. मिळकतींचे दावे मात्र त्यानंतरही कोर्टात वर्षानुवर्षं चालले. बाप्तिस्म्यावर तोडगा निघतो, जमिनीवर निघत नाही.

---

शेंगाचटणी

+१. स्वर्गाचं राज्य जवळ आलंय, सातबारा कोणाच्या नावावर ते सांगा.

---

लॅटिन_ते_मराठी

मी कॅथलिक. आमच्याकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२ ते १९६५) मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असायची. माझे आजोबा सांगायचे, तेव्हा मराठी, कोकणी, तमिळ सगळे एकत्र बसायचे आणि कोणालाच काही कळायचं नाही. भाषावाद शून्य.

मराठीत मिस्सा आली तेव्हा आजी रडली म्हणे. ५० वर्षं जे ओठांवर होतं त्याचा अर्थ तेव्हा तिला कळला. @माग_आणि_मी, तुमच्या आईचं वाचून तिचीच आठवण झाली.

---

कडक_भाकरी

मी लिहू का नको करत होते, पण लिहिते. वयाने मोठी आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, माढा, मोहोळकडची गावंच्या गावं पाण्यात गेली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या महिला मंडळानं ठरवलं की कडक भाकरी पाठवायची. पुरात चूल पेटत नाही, पोळी दोन दिवसांत बुरसते. कडक भाकरी महिनाभर टिकते, नुसत्या शेंगाचटणीबरोबर खाता येते. चर्चच्या मागच्या पडवीत चुली मांडल्या. कानडी बाया भाकरी थापायला बसल्या, कारण त्यांच्याइतकी पातळ आमच्यापैकी कोणाला जमत नाही. त्या परातीत नुसत्या बोटांच्या पेरांनी फिरवतात, कडेला एक चीर जात नाही. तव्यावरून उतरली की उपड्या टोपलीवर टाकायची, वारं लागलं पाहिजे. तेलुगू बायांनी उखळ धरलं. त्यांच्या चटणीत लसूण जास्त, आमच्यात तिखट जास्त. यावर जे भांडण झालं ते या धाग्याहून मोठं होतं, शेवटी दोन डबे वेगळे भरले. आम्ही मराठीवाल्या पीठ मळायला, पॅकिंगला. रेल्वेतल्या एका केरळच्या बाईला यातलं काहीच येत नव्हतं, ती पहिल्या दिवशी फक्त पाणी देत होती, तिसऱ्या दिवशी थापायला बसली. तिच्या भाकरी नकाशासारख्या. पाठवल्या त्यापण.

चार दिवस कोणी कोणाला भाषा विचारली नाही. हे मला सांगायचं होतं.

पण पुढचंही सांगते. पुढच्या रविवारी उपासनेत आभार मानले. नावं वाचली. सगळी मराठी. मुद्दाम नाही केलं कोणी, महिला मंडळाच्या वहीत जी नावं होती ती वाचली. वहीत कानडी बायांची नावंच नव्हती, कारण त्या वर्गणी भरून सभासद झालेल्या नाहीत, त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यातली एकजण माझ्या बाजूला बसली होती. ती काही बोलली नाही, हातावरचा भाजल्याचा डाग चोळत बसली.

---

दोन_पैसे

मावशी, तुमच्या या प्रतिसादापुढे आमची वचनंबिचनं फिकी.

---

भुकेला_पुणेकर

अवांतर: मावशी, कडक भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळायचं की गार? माझी मऊच राहते.

---

कडक_भाकरी

ज्वारी नवी असेल तर साधं पाणी चालतं, जुनी असेल तर आधण घाला. पण खरी मेख भाजण्यात आहे. तव्यावर झाली की विस्तवाच्या कडेला उभी करून मंद आचेवर वाळवायची. गॅसवर घाई केली की वरून करपते, आतून मऊ. पुण्यात कठीणच आहे.

---

हार्मोनियमवाला

पाककृतीसाठी वेगळा धागा काढा रे, मी पण येतो. विषयावर येऊ.

मी चर्चमध्ये पेटी वाजवतो (सोलापूरच, पण धागाकर्त्यांची मंडळी नव्हे). आपल्याकडची अर्धी गीतं ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची. अभंग, ओव्या, भजनी चाली. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती मराठी मातीत रुजवली हे खरंच, त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत. पण त्यामुळे आपल्या डोक्यात असं बसलंय की देशी म्हणजे मराठी. तेलुगूतही तेवढीच जुनी, तेवढीच आपल्या रागांतली कीर्तनं आहेत. आम्ही एक प्रयोग केला. तेलुगू गीतं देवनागरीत लिहून काढली आणि गायकवृंदातल्या मराठी पोरांना शिकवली. 'विशेष गीत' म्हणून नव्हे, पहिलं गीत म्हणून, सगळ्यांनी उभं राहून. उच्चारांची पार वाट लागली. पहिल्या रविवारी तेलुगू आज्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. नंतर त्यातलीच एक सरावाला येऊन बसायला लागली. आता ती कोणाला सोडत नाही, एकेक अक्षर दहादा म्हणायला लावते. पोरं तिला घाबरतात. पाळकांना घाबरत नाहीत, तिला घाबरतात.

---

माग_आणि_मी

@हार्मोनियमवाला, हे मला फार आवडलं. आज्जी शिकवते आणि मराठी पोरं शिकतात, हे उलटं आहे ना नेहमीच्या.

---

रेल्वे_लाईन्स

मी तमिळ. मराठी लिहिताना बायको मदत करते, ती नागपूरची.

आधीच्या पोस्टिंगला होतो तिथल्या चर्चमध्ये तीन भाषांत तीन उपासना होत्या. पहिल्या रविवारी तिन्ही एकत्र, प्रभूभोजनासह. कमिटी एक, बँक खातं एक. छान चालत होतं. पण एक सांगू? पोरं तिन्ही ठिकाणहून उठून इंग्रजीच्या उपासनेला जायची. नंतर तिथूनही उठून, ड्रम सेट आणि गिटार असलेल्या नव्या फेलोशिपमध्ये. तेलुगू वेगळी केली तरी तेलुगू पोरं तिथे येतील का, हे आधी त्यांना विचारा. आमच्यासारखे बदलीवाले तर तीन-चार वर्षांत जाणार. आम्हाला कोणी कमिटीत घेऊ नका, पण निदान संडे स्कूलमध्ये शिकवायला घ्या. शनिवारी दुपारी मी मोकळाच असतो.

---

नगरकर_आता_पुण्यात

मगाचपासून सगळे भाषेवरच बोलताहेत. कोणीतरी बोलायला हवं म्हणून बोलतो. भाषा हे वरचं साल आहे. आमच्या नगरकडे गावंच्या गावं ख्रिस्ती झाली ती समाज-समाजाने. एका वस्तीतले सगळे आले, शेजारच्या वस्तीतले नाही आले, किंवा वीस वर्षांनी दुसऱ्या मिशनकडे गेले. त्याच्या रेषा अजून आहेत. रविवारी सगळे 'बंधुभगिनींनो'. लग्न जमवायची वेळ आली की हळूच विचारतात, 'मूळचे कुठले?' हे गावाचं नाव विचारत नाहीत, हे सगळ्यांना कळतं. तेलुगू आणि मराठी घरांत किती सोयरिकी झाल्या तुमच्या मंडळीत? त्या आकड्यावरून मला ऐक्य सांगा, उपासनेच्या वेळेवरून नको.

---

सरळ_बोलतो

हे काय मधेच? चांगला चाललेला धागा भरकटवू नका. ख्रिस्तात यहुदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही. जुनं उकरून काय मिळणार?

---

माग_आणि_मी

@सरळ_बोलतो, भरकटलेला नाही, आता कुठे मुद्द्यावर आलाय. ज्यांना कोणी विचारत नाही त्यांना उकरावं लागत नाही, ते वरच असतं. माझ्या बहिणीच्या वेळेला एका घरून निरोप आला होता, 'मुलगी चांगली आहे, पण आमच्यात चालणार नाही.' दोन्ही घरं एकाच मंडळीची. एकाच प्याल्यातून द्राक्षारस घेतलेला. मी ते घर सोडून दिलं, मंडळी नाही सोडली.

---

जुनी_दप्तरं

@नगरकर बरोबर आहेत. आणि हे दुखणं आपल्याच पूर्वजांना ठाऊक होतं. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा भक्तांचा संघ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा ठेवली होती. मिशनच्या चौकटीत त्यांचा जीव रमत नव्हता. १९१९ मध्ये ते गेले. ते आणखी जगते तर हे किती पुढे जातं, कोण जाणे.

अर्थात टिळकांचं नाव घेऊन गप्प बसायची आपली जुनी खोड आहे, ती मलाही आहे.

---

सरळ_बोलतो

ठीक आहे. विषय टाळावा असं म्हणायचं नव्हतं. आमच्या घरातही धाकट्याचं लग्न तेलुगू मुलीशी झालंय. आईने वर्षभर अबोला धरला होता. आता नातीशी तेलुगूत बोलायचा प्रयत्न करते आणि नात तिला मराठीत उत्तर देते.

---

शेंगाचटणी

@सरळ_बोलतो, नातीलाच कमिटीत घ्या, भाषांतराचा खर्च वाचेल.

---

वाचक_फक्त

कडक_भाकरी मावशींच्या प्रतिसादावर विचार करत होतो. मंडळीचं ऐक्य आपण उपासनेत शोधतो, पण उपासना हे सगळ्यात अवघड ठिकाण आहे. माणूस प्रार्थना करतो ती आईच्या भाषेत करतो, तिथे त्याला वाकवू नये. भाकरी थापायला भाषा लागत नाही. मयतीला लागत नाही. आमच्याकडे कोणाच्या घरी मयत झाली की रात्रीतून शवपेटी आणणं, कबर खणायला माणसं गोळा करणं, घरच्यांना चहा, हे सगळं एकच पथक करतं आणि त्यात कोण कुठला हे आम्हाला आठवावं लागतं. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल एक शरीर, पुष्कळ अवयव म्हणतो (अध्याय १२), पण त्याच्या आदल्याच अध्यायात तो कशावरून रागावलाय बघा. श्रीमंत आधी येऊन जेवतात आणि गरीब येईपर्यंत ताटं रिकामी, यावरून. शरीराची गोष्ट त्याने जेवणाच्या भांडणानंतर सांगितली.

---

जागतिक_शुक्रवार

मावशींसारखंच माझंही निरीक्षण. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो, दरवर्षी एका देशातल्या बायका त्याची उपासना तयार करतात आणि बाकी जगभर तीच होते. आमच्याकडे त्या दिवशी कॅथलिक, मेथडिस्ट, आमच्या, सगळ्या बायका एकत्र येतात. पुरुषांची ऐक्यावर परिसंवाद-समिती आहे, तिची बैठक अजून ठरायची आहे.

---

कोपऱ्यातला_बाक

सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा वाचले.

एकत्र उपासनेचा आग्रह मी सोडलेला नाही, हे आधीच सांगतो. @रेल्वे_लाईन्स म्हणतात तसं पोरं निघून जाण्याची भीती खरी आहे आणि @नगरकर यांचा मुद्दा तर वेळ वेगळी केल्याने आणखी बिकट होईल, असं मला वाटतं. साडेसातवाले आणि साडेनऊवाले एकमेकांना भेटणारच नसतील तर सोयरिकी काय कपाळ होणार?

पण सभेत नुसतं 'अर्ज मंजूर की नामंजूर' असं येऊ देणार नाही. मी पुढचं मांडणार आहे. तेलुगू उपासना साडेसातला सुरू करावी, सहा महिन्यांनी आढावा. प्रभूभोजन मात्र पहिल्या रविवारी एकत्रच, आणि त्या दिवशी पहिलं गीत तेलुगू, मग मराठी. दान एकाच खात्यात. दोन उपासनांच्या मधे चहा, म्हणजे साडेसातवाले थांबतील आणि साडेनऊवाले लवकर येतील (आमचे लोक चहाला लवकर येतात, उपासनेला नाही). महिला मंडळाच्या वहीत भाकरी थापणाऱ्या प्रत्येकीचं नाव, पहिल्या वर्षाची वर्गणी मंडळीतून. आणि कमिटीत जागा. यावर रणकंदन होणार हे दिसतंय, पण @वाचक_फक्त यांचा अध्याय ६ सभेत वाचूनच सुरुवात करतो, बघू कोण उठून विरोध करतो ते.

@माग_आणि_मी, साडेसातच्या उपासनेला चर्च सातला उघडावं लागेल. रखवालदार आठला येतो.

---

माग_आणि_मी

किल्ली आमच्याकडे द्या. उघडू, झाडू, बाकं पुसून ठेवू. साडेनऊवाल्यांनाही पुसलेली मिळतील.

---

सरळ_बोलतो

किल्लीचं कमिटीत अवघड जाईल. खजिन्याची खोली त्याच जुडग्यात आहे.

---

वाचक_फक्त

मी काय म्हणालो होतो? :)

---

होटगी_रोड

नमस्कार. मी कानडी. इतका वेळ वाचत होतो की कोणी आम्हाला काही विचारतंय का.

मराठीची उपासना राहील, तेलुगूची होईल. आमचं काय? आम्हाला वेगळी उपासना नको आहे, आम्ही आहोतच किती घरं. पण आमचे म्हातारे मराठी उपदेशाला बसतात ते माग_आणि_मी यांच्या आईसारखेच बसतात. महिन्यातून एकदा शास्त्रपाठ कानडीत वाचला तरी पुरे. वाचायला मी तयार आहे.

आणि त्या डाग चोळणाऱ्या बाई कोण ते मला माहीत आहे. त्यांनी वहीत नाव घालायला सांगितलेलं नाही. पुढच्या वेळी भाकरीचं पीठ आधी चाळून द्या म्हणाल्या, त्यात खडे होते.

---

कडक_भाकरी

अगोबाई. खडे होते खरे. पीठ मी आणलेलं. सांगा त्यांना, चाळून देईन. आणि नाव घालणारच, त्यांनी सांगो न सांगो.

---

कोपऱ्यातला_बाक

@होटगी_रोड, विषयपत्रिकेत कानडी शास्त्रपाठ हा वेगळा विषय घालतो.

---

दोन_पैसे

विषयपत्रिका कुठल्या भाषेत छापताय?

---

कोपऱ्यातला_बाक

…मराठीत. आज दुपारीच छापायला दिली.

---

शेंगाचटणी

हाण तेजायला.

---

माग_आणि_मी

छपाई थांबवता येईल का? अशोक चौकाजवळचा छापखाना असेल तर मी कामावरून सुटल्यावर जाऊन येतो. तेलुगू मजकूर मी टाईप करून देतो, त्यांच्याकडे फॉन्ट आहे, लग्नपत्रिका छापतात ते.

---

कोपऱ्यातला_बाक

तोच छापखाना. फोन केला, उद्या सकाळपर्यंत थांबतात म्हणाले. मराठी मजकूर तुम्हाला खासगी निरोपात पाठवतो.

---

होटगी_रोड

मलाही पाठवा. कानडी रात्री नऊनंतर करून देतो, आधी दुकान बंद करू दे.